‘योग्य’च्या पुढची मोकळी जागा

आमच्या ऑफिसातले काका भित्रे आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. लिफ्ट तपासणारा माणूस भित्राच हवा, असं त्यांचं म्हणणं. ज्याला भीती वाटत नाही तो दोर नुसता बघतो, ज्याला वाटते तो हात लावून बघतो. काका सुती कापडाचा बोळा तारेच्या दोराभोवती धरतात आणि लिफ्ट हळूहळू खाली घ्यायला सांगतात. दोर धड असेल तर कापड सरकत जातं. एखादी तार जरी तुटून बाहेर आली असली तरी कापड तिथे अडकतं, आणि मग काका अगदी हळू आवाजात ‘थांबा’ म्हणतात. मी एकदाच त्यांच्यासोबत गेले होते. ते ‘थांबा’ ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण आम्ही दोघं त्याच लिफ्टच्या डोक्यावर उभे होतो.

वय छप्पन, अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडू, कमरेला बॅटरी. घरीही तोच प्रकार. काकू सांगतात, पंख्याच्या बरोबर खाली ते कुणाला बसू देत नाहीत. पाहुणे आले की आधी त्यांची खुर्ची दोन हात बाजूला सरकवतात, मग पाणी विचारतात. काकूंच्या माहेरची माणसं यावरून अजून त्यांची थट्टा करतात. काका हसतात आणि खुर्ची सरकवतात.

आमचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर आहे. तीन टेबलं, दोन खिडक्या आणि दिवसभर रबराचा वास. ऑफिस मॅडमचं, तपासणी काकांची, आणि बाकी सगळं माझं. बाकी सगळं म्हणजे फोन, टायपिंग, मेल, प्रिंटरच्या नाकदुऱ्या काढणं आणि मॅडमचा राग. काका वहीत पेन्सिलीने लिहून आणतात. मी ते टाइप करते, त्याची पीडीएफ करते, त्यावर काकांची सही आणि शिक्का बसवते आणि इमारतीच्या व्यवस्थापकाला पाठवते. अहवाल चार पानांचा असतो. पहिल्या तीन पानांवर दोर, ब्रेक, दरवाजे, वजनं यांची सगळी हकीकत. चौथ्या पानावर इमारतीचा क्रमांक, तारीख, एक ओळ आणि सही. हे चौथं पान लिफ्टच्या आत काचेच्या फ्रेममध्ये लावायचं, असा नियम आहे. पहिली तीन पानं कुणी वाचत नाही. चौथं तरी कोण वाचतं म्हणा, पण ते लागतं.

त्या पानावरच्या एका ओळीचे दोनच प्रकार. ‘ही लिफ्ट वापरण्यास योग्य आहे’ किंवा ‘ही लिफ्ट वापरण्यास योग्य नाही’. काकांनी चौदा वर्षांत यात काना-मात्रेचा फरक केला नव्हता.

मी नोकरीला लागले तेव्हा पीडीएफला कुलूप लावायचे, म्हणजे फाइल उघडता यायची, छापता यायची, पण बदलता यायची नाही. मग लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. कुणाला त्यावर आपल्या सोसायटीचा शिक्का टाकायचा होता, कुणाला कोपऱ्यात जावक क्रमांक घालायचा होता. मॅडम वैतागल्या आणि म्हणाल्या, उगाच कुलुपं कशाला, आपण काय खजिना पाठवतोय? मीही वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, एक काम कमी. माझी समज एवढीच होती की वर्डची फाइल म्हणजे कच्चं आणि पीडीएफ म्हणजे पक्कं. पीडीएफ हा जवळपास कागदाचा फोटोच, त्यात कोण काय बदलणार? तीन वर्षं मी शेकडो अहवाल असे उघडे पाठवले आणि निवांत चहा प्यायले.

मग आईची दाढ दुखायला लागली.

आईच्या मैत्रिणीने एक नवा डॉक्टर सुचवला, दवाखाना चौथ्या मजल्यावर. आईचे गुडघे म्हणजे आमच्या घरातली वेगळीच दोन माणसं आहेत, त्यांना विचारल्याशिवाय काही ठरत नाही. लिफ्ट आहे म्हटल्यावर ते कबूल झाले. सकाळचे अकरा-साडेअकरा वाजले होते. लिफ्ट लहान होती, चार माणसांची, पण स्वच्छ. दरवाजा लागला, आईने चारचं बटण दाबलं आणि मी सवयीने फ्रेमकडे बघितलं. दुसऱ्या बायका लिफ्टमध्ये आरशात बघतात, मी फ्रेम बघते.

आमचंच पान होतं. मला बरं वाटलं. तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची. खाली ओळ होती, ‘ही लिफ्ट वापरण्यास योग्य’, मग बरीच मोकळी जागा आणि मग लांब एकटा पडलेला पूर्णविराम. पहिल्यांदा मला माझाच राग आला. पूर्णविरामाच्या आधी एवढी जागा? माझ्या हातून अशी चूक होत नाही. आणि मग मी ती जागा नजरेने मोजली. त्या जागेत एक शब्द मावत होता, आणि तो शब्द मी स्वतः टाइप केला होता.

पत्ता माझ्या लक्षात नव्हता, आम्ही इमारती क्रमांकाने ओळखतो. पण तो क्रमांक बघितल्यावर काकांची वही डोळ्यांपुढे आली. ‘चारपैकी दोन दोरांच्या तारा तुटलेल्या. लिफ्ट सुटल्यास रुळांना धरणारा ब्रेक धरत नाही.’ हे मी टाइप केलं होतं. धरत नाही म्हणजे काय, हे मला तेव्हा वाचूनही कळलं नव्हतं. आता पायाखालची फरशी हलत होती, आई आपली दाढ गालावरून चाचपत होती आणि दरवाजावरच्या काचेतून पहिला मजला खाली जाताना दिसला तेव्हा मला ते नीट कळलं. मी दोन दाबलं, पण दोन निघून गेला होता. मी तीन दाबलं. श्वास घेतला तर वजन वाढेल, अशी वेड्यासारखी भीती वाटली आणि मी श्वास धरून उभी राहिले. आईला काही सांगितलं नाही. सांगून तिने करायचं काय होतं?

तिसऱ्यावर लिफ्ट हिसका देऊन थांबली. दरवाजा उघडायला इतका वेळ लागला की मला रडू फुटायचं बाकी होतं. मी आईचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. ती म्हणाली, अगं दवाखाना चौथ्यावर आहे. मी म्हटलं, एक मजला चालत जाऊ. वेड लागलंय का तुला, असं ती विचारत असतानाच समोर एक बाई कडेवर मूल घेऊन आत शिरायला निघाली. मी तिला आडवी झाले आणि दरवाजात पाय घालून उभी राहिले, कारण दरवाजा उघडा असला की लिफ्ट हलत नाही, एवढं मला माहीत होतं. लिफ्ट बिघडलीय, जिन्याने जा, असं मी तिला सांगितलं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आत्ता तर तुम्ही यातूनच आलात, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, पण ती गेली.

मी काकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तू कुठे उभी आहेस?"

"दरवाजात. पाय घालून ठेवलाय."

"आधी पाय काढ," काका म्हणाले. "तिथे दुसरं काहीतरी ठेव आणि तू बाजूला हो. आधी पाय काढ, मग बोल."

मी आईची काठी दरवाजात आडवी लावली. आईने त्यावर जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काका वीस मिनिटांत आले. तिन्ही मजले चढून आले, मला बघून फक्त मान हलवली आणि तसेच गच्चीवर गेले. त्यांनी मोटरची वीज तोडली, त्या खोलीला आपलं कुलूप घातलं आणि खाली येऊन प्रत्येक मजल्याच्या दरवाजावर खडूने फुली मारली. तोवर इमारतीचा व्यवस्थापक आला होता. चांगला नीटनेटका माणूस, हातात फायलींचा गठ्ठा, आवाजात अजिजी. दोन आठवड्यांत नवे दोर येणारच होते, असं तो सांगायला लागला. लोकांनी भंडावून सोडलं होतं. वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत, दवाखाना आहे, कुणाकुणाला तोंड देणार? काकांनी एवढंच विचारलं की हे कसं केलं. आणि तो माणूस सांगायला लागला, लपवलं नाही, उलट थोडं कौतुकानेच सांगितलं. पीडीएफ बदलून देणाऱ्या फुकटच्या वेबसाइट असतात. तिथे फाइल टाकली, शब्द निवडला, पुसला. दोन मिनिटांचं काम. आधी त्याने तिथे ‘आहे’ लिहून बघितलं होतं, पण अक्षरं वेडीवाकडी उमटत होती, काना एकीकडे आणि मात्रा तिसरीकडे. म्हणून जागा तशीच सोडली.

"खोटं मी एक अक्षर लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "फक्त एक शब्द काढला."

मला वाटलं, काका आता त्याला धुऊन काढणार. मी तर बाह्या सावरूनच उभी होते. पण काकांनी खिशातून पेचकस काढला, आत न जाता बाहेरूनच हात लांब करून फ्रेमचे स्क्रू सोडवले आणि पान घडी घालून ठेवलं.

आईला खाली उतरवायला आम्हाला अर्धा तास लागला. दाढ राहिली ती राहिलीच. आई पुढे गेल्यावर काका पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर मटकन बसले. मला वाटलं दम लागला. एकोणीस दिवस, ते म्हणाले. मग त्यांनी ती गोष्ट विचारली जी माझ्या मनात आली नव्हती, कारण मी अजून माझ्या आणि आईच्या जिवातच अडकले होते. "आणखी किती ठिकाणी पुसलं असेल?"

त्या प्रश्नाने आमचे पुढचे दोन महिने खाल्ले.

मॅडम घाबरल्या, हे त्यांचा आवाज खाली आला तेव्हा कळलं. कुलुपं त्याच दिवशी परत आली. मीही इरेला पेटले. चार दिवस डोकं घालून सगळं शिकले. फाइल उघडायचा पासवर्ड वेगळा आणि बदलायचा वेगळा, हे मला आधीही माहीत होतं. पण बदलाचं साधं कुलूप फोडणारेही लोक आहेत आणि त्यांच्याही फुकटच्या वेबसाइट आहेत, हे नव्याने कळलं. म्हणून मग डिजिटल सही घेतली. ती केल्यावर फाइलमधला एक ठिपका जरी हलवला तरी वर ठळक सूचना येते की सही झाल्यानंतर यात बदल झाला आहे. मी मोठ्या उत्साहाने काकांना करून दाखवलं. एक शब्द पुसला आणि लाल फुली आली. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, ही फुली छापलेल्या कागदावर येईल का?

नाही येत. लिफ्टमध्ये फाइल लावत नाहीत, कागद लावतात. मी थोडी हिरमुसले. मग आम्ही पानावर चौकोनी कोड छापायला लागलो, फोन धरला की आमच्याकडचं मूळ पान उघडतं. काकांचं समाधान झालं नाही. दाढ दुखणारा माणूस लिफ्टमध्ये शिरताना कोडवर फोन धरेल का, असं त्यांनी विचारलं आणि वही घेऊन बसले. ते दोन दिवस एक वाक्य शोधत होते. असं वाक्य, ज्यातला कुठलाही एक शब्द काढला तरी लिफ्ट चांगली ठरणार नाही. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, शेपूट तोडलं की वाक्य उलटं होतं, हे त्यांना चौदा वर्षांत पहिल्यांदा दिसलं होतं. ‘वापर बंद ठेवावा’, ‘वापरू नये’, ‘वापरास मनाई’ असं लिहून एकेक शब्द बोटाने झाकून बघायचे. शेवटी ‘ही लिफ्ट धोकादायक आहे’ यावर गाडी थांबली. मी बोटाने ‘धोकादायक’ झाकलं आणि वाचलं, ‘ही लिफ्ट आहे’. एवढं तर कुणालाही दिसतंच, मी म्हटलं. त्या दोन महिन्यांत काका तेवढं एकदाच हसले.

हे सगळं पुढच्या अहवालांसाठी झालं. मागचे जे गेले होते त्यांना कुलूप लावता येत नव्हतं. मी तीन वर्षांच्या फाइली काढल्या. ‘योग्य नाही’ लिहिलेले अहवाल निघाले तेवीस. काकांनी यादी हातात घेतली आणि खुर्चीत मागे टेकले. फोन करून विचारण्यात अर्थ नव्हता, ज्याने पुसलंय तो थोडाच सांगणार? रोज तीननंतर आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून निघायचो. माझ्या पर्समध्ये तेवीसही मूळ पानं छापून ठेवलेली असायची.

मला आधी वाटलं होतं, काका आत जातील आणि मी बाहेर थांबेन. झालं उलटं. तपासणीसाठी खोल विहिरीसारख्या बोगद्यात वाकून बघणारा हा माणूस, त्याला स्वतःच्या सहीचं एक पान बघायला जाववेना. ते रस्त्याच्या पलीकडे स्कूटर लावून उभे राहायचे. मी कुणाचा तरी पत्ता विचारल्याचं सोंग करून आत जायची, फ्रेम वाचायची आणि परत यायची. रस्ता ओलांडताना ते माझा चेहरा वाचत असायचे, म्हणून मी दरवाजातूनच मान हलवायला लागले. ‘नाही’ जागेवर आहे, अशी मान. लिफ्ट बंद आहे किंवा दुरुस्त होऊन नवं पान लागलंय, तरी तीच मान. त्यांचे खांदे खाली यायचे आणि आम्ही पुढच्या पत्त्यावर जायचो. ऑफिसात फोन वाजला की मात्र दोघंही दचकायचो. कुठेतरी काहीतरी पडलंय, हाच विचार पहिला. काकूंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं की हे हल्ली जेवणावरून मधेच उठतात आणि यादी बघून येतात, काय भानगड आहे? मी कामाचा ताण म्हटलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ताट टाकून उठले होते.

अकराव्या पत्त्यावर एका लॉजमध्ये ती मोकळी जागा सापडली. पण तिथे दोर वर्षापूर्वीच बदलले होते, जुनं पान काढायचं राहिलं होतं. लिफ्ट धडधाकट होती. काकांनी स्वतः वर जाऊन कापड फिरवून बघितलं. मला वाटलं, चला, निभावलं. दवाखान्याची इमारत सोडली तर बावीस, त्यातले अर्धे झाले, बाकीचेही होतील. भीतीची अशी सवय लागते आणि सवय लागली की माणूस ढिला पडतो.

एकोणिसावा पत्ता कापडाच्या गोदामाचा होता. मालाची लिफ्ट, फाटकाच्या आतच, रस्त्यावरूनही दिसणारी. तिच्या तोंडावर पत्रा ठोकला होता. बंद आहे हे बघून काका त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासोबत आत आले. मालाच्या लिफ्टची फ्रेम बाहेर लावतात, ती पत्र्याच्या शेजारी भिंतीवर तशीच होती, काचेवर धूळ. मी ती बोटाने पुसली. ‘ही लिफ्ट वापरण्यास योग्य’, आणि पुढे काही नाही.

फाटकाजवळ स्टुलावर एक माणूस बसला होता, चाळिशीचा असेल. शेजारी दोन कुबड्या टेकवून ठेवलेल्या. तो गोदामाचा वॉचमन होता. आम्हाला त्या कागदाकडे बघताना बघून तो आपणहून बोलायला लागला, बहुतेक दिवसभरात बोलायला कुणी मिळत नसावं. तो इथे आधी हमाल होता. वीस महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरून सहा गठ्ठे घेऊन उतरत होता, ती लिफ्ट सुटली. कमरेचं हाड मोडलं, चार महिने पाठीवर पडून होता. चौकशीला माणसं आली. त्यांनी हा कागद बघितला. लिफ्ट योग्य होती, मग पडली कशी, तर माल जास्त भरला असणार. भरला कुणी, तर याने. आमच्या ऑफिसात विचारायला कुणी आलं नव्हतं. कागद स्वच्छ, सही स्वच्छ, विचारायचं काय?

"सहा गठ्ठे रोजचेच होते," तो म्हणाला. "पण घरचेसुद्धा म्हणतात, तुला हाव सुटली होती, एका खेपेत उरकायला गेलास. ही सही बघा. रोज इथे बसून बघतो. नाव पाठ आहे मला या माणसाचं."

मी काकांची बाही मागून ओढली. मला तिथून निघायचं होतं, हे मी कबूल करते. लिफ्ट बंद होती, आता तिच्यातून कुणी पडणार नव्हतं, या माणसाने आम्हाला ओळखलं नव्हतं. दहा पावलं चाललो असतो तर स्कूटर होती. आणि ती फाइल मी पाठवली होती, उघडी, एक काम कमी म्हणून. काकांनी बाही सोडवून घेतली.

"ती सही माझी आहे," ते म्हणाले.

त्या माणसाचा हात कुबडीकडे गेला. उठायला की मारायला, मला कळलं नाही. मी घाईघाईने पर्समधून मूळ पान काढलं आणि त्याच्या पुढे धरलं. बोलत सुटले. हे बघा, हे आम्ही पाठवलं होतं, त्यातला एक शब्द नंतर कुणीतरी पुसला, काकांनी बरोबर लिहिलं होतं, तुमची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती, म्हणजे पुसणाऱ्याची होती. दोन महिने ती पानं मी पर्समध्ये सांभाळत होते ती याच क्षणासाठी, असं मला वाटलं. हे एक पान दाखवलं की आम्ही सुटलो.

त्याने पान घेतलं आणि ओळीखालून बोट फिरवत सावकाश वाचलं. ‘नाही’पाशी बोट थांबलं. मग त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, परत हातातल्याकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम सैल पडला आणि डोळ्यांत पाणी आलं. माल जास्त नव्हता, तो स्वतःशीच म्हणाला. मी पर्सची चेन लावली.

त्याने वरची तारीख वाचली. अपघाताच्या दोन महिने आधीची होती. बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान वर करून काकांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. खरंच विचारतोय असा चेहरा होता.

"म्हणजे तुम्हाला दोन महिने माहीत होतं?"

काका म्हणाले, "हो."

"मग एकदा बघायला का नाही आलात?"

मी उत्तर शोधायला लागले. आमचं काम अहवाल पाठवण्यापर्यंतच असतं, पुढे व्यवस्थापकाची जबाबदारी असते, तसा नियम आहे. काका त्याच्यासमोर जमिनीवर बसले, धुळीत, मांडी घालून. त्याने पान घडी घालून आपल्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि आमच्याकडे न बघता फाटकातून बाहेर रस्त्याकडे बघत राहिला. बराच वेळ झाला तरी काका उठले नाहीत.